गुहेचे छत कशावर उभे असते?

आज दिवसभर एका गुहायुक्त चुनखडकातील तेलसाठ्याच्या संगणकीय प्रारूपावर काम केले आणि संध्याकाळी उठताना मन त्या गुहेच्या छतापाशीच रेंगाळत होते. चीनमधील ताहे तेलक्षेत्रात अशा गुहा 5000 मीटरहून अधिक खोलीवर आहेत. ऑर्डोव्हिशियन या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातील चुनखडक पाण्याने विरघळून त्या घडल्या आणि पुढे गाडल्या गेल्या.

इतक्या खोलीवर वरच्या खडकांचा भार प्रत्येक 1000 मीटरला साधारण 25 मेगापास्कलने (मेगापास्कल हे दाबाचे एकक) वाढतो. तो केवळ खडकच पेलत नाही, आतल्या तेलाचा दाबही त्याला आधार देतो. तेल उपसले की हा आधार कमी होतो, भार मात्र तेवढाच राहतो. सर्व बाजूंनी समान प्रतिबल (खडकातील दर क्षेत्रफळावरचा ताण) मानले, तर गोलाकार गुहेच्या भिंतीवरील प्रभावी प्रतिबल, म्हणजे द्रवाचा दाब वजा करून खडकावर उरणारे प्रतिबल, दूरच्या खडकातील प्रभावी प्रतिबलाच्या दीडपट आणि लांबट, नळीसारख्या गुहेत दुप्पट होते. खऱ्या गुहा वेड्यावाकड्या असतात, त्यामुळे कोपऱ्यांत ते याहूनही वाढते.

मला सर्वाधिक काळजी भेगांची वाटते. गुहा कोसळण्याआधीच भोवतालच्या भेगा मिटू लागतात, आणि विहिरीपर्यंतची तेलाची वाट बहुधा त्यांच्यातूनच जाते. पाणी भरून दाब पुन्हा वाढवता येतो. परंतु चुरडलेल्या भेगा पूर्ववत उघडत नाहीत आणि ढासळलेले छत परत उभे राहत नाही. म्हणून उपशाचा वेग सुरुवातीपासूनच आवरावा, असे माझे ठाम मत आहे. उद्या गुहेत माती आणि दगडगोटे भरलेले धरून तीच गणना पुन्हा करणार आहे, कारण तो भरावही भिंतींना टेकू देतो.