सुजौची रात्र, बीजिंगची दुपार: डोंगझीच्या ताटात काय असतं

डोंगझी या हिवाळ्यातल्या सणासाठी चीनला जायचं तर एक गोष्ट आधी माहीत हवी. शांघायजवळच्या सुजौत हा सण आदल्या रात्री असतो, उत्तरेत त्या दिवशी. म्हणून मी २१ डिसेंबरची रात्र सुजौला ठेवली आणि २२ ला सकाळच्या वेगवान रेल्वेने बीजिंग गाठलं. प्रवास साधारण पाच तासांचा. सण चंद्रावर नाही, सूर्यावर चालतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ ते २३ डिसेंबरच्या दरम्यान ज्या तारखेला येतो, तीच डोंगझी. त्या वर्षीची तारीख पाहूनच तिकीट काढा.

सुजौत सगळी धावपळ डोंगनियांगसाठी असते. चिकट तांदळाची, ओस्मॅन्थसच्या फुलांचा वास असलेली ही पिवळसर, गोड, सौम्य दारू फक्त या सुमारास मिळते. लोक कॅन आणि बाटल्या घेऊन रांगा लावतात. बाटलीत भरल्यावरही ती आंबतच राहते, आणि गफलत होते ती इथेच. काठोकाठ भरून घट्ट झाकण लावलेली बाटली हीटरजवळ ठेवली की वायूचा दाब वाढून ती फुटते. थोडी जागा रिकामी ठेवा, थंडीत ठेवा, मधूनमधून झाकण सैल करून वायू सोडा आणि चार दिवसांत संपवा. रेल्वेच्या बॅगेत मुळीच नेऊ नका.

दक्षिणेतल्या घरांत त्या दिवशी तांगयुआन, म्हणजे चिकट तांदळाचे उकडलेले गोड गोळे, हवेतच. मोदकाची उकड ज्यांच्या हातात बसली आहे त्यांना यातली खुबी लगेच कळेल. २०० ग्रॅम चिकट तांदळाच्या पिठीला १६० ते १७० मिलि पाणी लागतं. भिजवलेल्या गोळ्याचा दहावा भाग चपटा करून उकळत्या पाण्यात टाकायचा, वर तरंगला की काढून उरलेल्या पिठात मळायचा. शिजलेल्या पिठाने चिकटपणा येतो आणि वळताना भेगा पडत नाहीत. आंबेमोहोराची पिठी इथे चालत नाही. पारी ताणली जात नाही, गोळे कडक होतात.

सारणाला १०० ग्रॅम भाजलेले काळे तीळ, ७० ग्रॅम साखर आणि ५० ग्रॅम चरबी. सारण आधी फ्रिजमध्ये घट्ट करा, मऊ असेल तर वळतानाच बाहेर येतं. पाण्याला उकळी आली की गोळे सोडा, झाऱ्याच्या पाठीने हळूच हलवा आणि आच मंद करा. खळखळ उकळलं की ते फुटतात. शाकाहारी वाचकांसाठी महत्त्वाचं: ही चरबी बहुधा डुकराची असते, त्यामुळे विचारल्याशिवाय खाऊ नका. फुजियान प्रांताकडचे सारण नसलेले लाल-पांढरे गोळे तुलनेने सुरक्षित.

बीजिंगला उतरल्यावर मी आधी स्वर्गमंदिराच्या आवारातल्या वर्तुळाकार वेदीवर गेलो. सणाचं मूळ समजायला याहून चांगली जागा नाही. १५३० मध्ये बांधलेल्या या तीन टप्प्यांच्या वेदीवर मिंग आणि चिंग सम्राट डोंगझीच्या दिवशी आकाशाला बळी अर्पण करत. वरच्या टप्प्यावर मधल्या गोल दगडाभोवती पहिल्या वर्तुळात ९ फरश्या, पुढे १८, अशा नवव्या वर्तुळात ८१ आहेत. उद्यानाचं साधं तिकीट वेदीपर्यंत नेत नाही, एकत्रित तिकीट घ्या. आणि लवकर जा, इथे त्या दिवशी पाचच्या आधीच सूर्य मावळतो.

सणाची कल्पना साधी आहे. खांबाची दुपारची सावली आज सर्वांत लांब, उद्यापासून ती आखडणार, म्हणजे ऊब परतायला लागली. आपली संक्रांतही याच उत्तरायणाची. फक्त आपण निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजायचं गणित धरलं आणि संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाच्या मंद डुलण्यामुळे, ती तीन आठवडे पुढे सरकली.

दक्षिणेत तांदूळ तसा उत्तरेत गहू, म्हणून तिथे जियाओझी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या. ‘डोंगझीला जियाओझीचा वाडगा हातात घेतला नाहीस तर कान गोठून पडतील’ अशी म्हण आहे. वैद्य झांग झोंगजिंग यांनी हिमबाधा झालेल्या गरिबांना मटण, मिरची आणि औषधी कानाच्या आकाराच्या पारीत भरून दिली, अशी कथा सांगतात. पण ते हान काळातले, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातले, आणि मिरची आशियात आली १६व्या शतकात. कथा म्हणून ती मला फार आवडते, पण इतिहास म्हणून धरू नये. डोंगझीला वॉन्टन, म्हणजे पातळ पारीचे सारण भरलेले गोळे, खाल्ल्याची नोंद मात्र दक्षिण सोंग काळातल्या (१२वं-१३वं शतक) हांगचौ शहराची आहे.

जियाओझीच्या पारीसाठी ५०० ग्रॅम मैद्याला २५० मिलि गार पाणी, अर्धा तास झाकून ठेवायचं. पारी कडेला पातळ, मध्ये जाड लाटायची. कोबीला मीठ लावून घट्ट पिळायचं, नाहीतर पाणी सुटून पारी ओली होते आणि उकळताना उघडते. सारणाच्या मटणात सिचुआन मिरीचं (आपल्या तिरफळासारख्या मसाल्याचं) पाणी थोडं थोडं घालून एकाच दिशेने घोटायचं. उकळत्या पाण्यात सोडल्यावर तीनदा वाटीभर गार पाणी घालायचं, म्हणजे आत शिजेपर्यंत पारी फाटत नाही. शिजवलेलं गढूळ पाणीही टाकत नाहीत. जेवण झाल्यावर वाडग्यात घेऊन तेच पितात, पचनासाठी.

याच दिवसापासून थंडीचे ९ नवके, म्हणजे नऊ-नऊ दिवसांचे नऊ टप्पे, मोजायला लागतात. भिंतीवर ८१ पाकळ्यांची प्लमची फांदी रेखाटलेली असते, त्यातली रोज एक पाकळी रंगवायची. शेवटची पाकळी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात रंगते.