कूलर, डॅम्पर आणि एक मझुर्का

पियानो ट्यून करणाऱ्याला सगळे एकच विचारतात, सूर लागला का? नाचाच्या चालींचं रेकॉर्डिंग असेल तर मी आधी दुसरंच बघतो: सूर थांबतोय का? पाय जमिनीवर पडतो तेव्हा नाच दिसतोच, पण तो कळतो पाय उचलला जातो तेव्हा. पियानोत आवाज थांबवायचं काम डॅम्पर करतात. तारांवर बसणाऱ्या या फेल्टच्या गाद्यांकडे कुणाचं लक्ष नसतं. वरच्या साधारण दीड सप्तकाला तर त्या नसतातच, कारण तिथल्या आखूड तारांचा आवाज आपोआप विरतो.

हे रेकॉर्डिंगचं काम जळगावजवळच्या एका बंगल्यात होतं. यामाहा सी-३, लांबी १८६ सेंटीमीटर, खान्देशात असे ग्रँड पियानो बोटांवर मोजण्याइतके. वाजवणारी मुलगी इथलीच, शिकते मुंबईत. कार्यक्रम सगळा नाचाचा, चार पाश्चात्त्य संगीतकारांचा: बाखचा जी मेजरमधला पाचवा फ्रेंच सुइट, म्हणजे ओळीने सात नाच, शोपँच्या तीन मझुर्का (तीन मात्रांचा पोलिश नाच), बार्टोकचे १९१५ चे रुमानियन लोकनृत्यांचे तुकडे, आणि शेवटी हिनास्तेराचे १९३७ चे तीन अर्जेंटिनी नाच, ज्यांतल्या पहिल्यात डावा हात फक्त काळ्या पट्ट्यांवर आणि उजवा फक्त पांढऱ्यांवर असतो. निवड हुशारीची होती. सगळे डॅम्पर उचलणारं पेडल दाबून सगळं धुक्यात लपवता येईल असं यात फार थोडं आहे.

एप्रिलात आमच्याकडे दुपारी पारा ४२ च्या पुढे आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. पियानोला ४० ते ५० टक्के लागते. थोडी कमी-जास्त असली तरी निभतं, पण ती एका जागी राहायला हवी. म्हणून यजमानांना आधीच सांगितलं होतं की दोन दिवस आधीपासून हॉलमधला कूलर बंद ठेवा. पहाटे पोचलो तर वाळ्याच्या ताट्यांचा तो भलामोठा कूलर पियानोकडे तोंड करून घुमत होता. "पियानोले बी थंडावा पाहिजे ना भो," असं म्हणाले. खान्देशात पाहुणचाराशी वाद घालून कुणी जिंकलेलं नाही. हायग्रोमीटरवर आर्द्रतेचा आकडा ६८ होता.

कूलर बंद केला आणि मधला ए ४४० हर्ट्झवर धरून ट्यूनिंग केलं. सुमारे २३० तारा. एकेका सुराच्या तीन तारांपैकी दोन रबराच्या पाचरीनं गप्प करायच्या, एक लावायची, मग बाकीच्या तिच्याशी मिळवायच्या. हे सगळ्या ट्यूनरांचं सारखंच, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्या टेकला बाखच्या सुइटमधला बूरे हा नाच लावला आणि मिडल सी च्या खालचा जी लोंबकळायला लागला. बोट उचललं तरी आवाज क्षणभर मागे राहायचा. जी मेजरचा सुइट, म्हणजे घरचाच सूर. दर दोन-चार मापांनी तो येतोच. असं झालं की तीन संशयित असतात. फेल्ट कडक झालेलं असतं, किंवा डॅम्पर तिन्ही तारांवर सारखा बसत नाही, किंवा त्याची सळई गाइडमधल्या कापडी बुशिंगमध्ये घट्ट झालेली असते. ओळखायचं सोपं आहे. पट्टी हळू दाबून सोडायची आणि शेजारच्या डॅम्परांबरोबर त्याचं डोकं खाली येतं का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. हा जी इतरांच्या मागून, रेंगाळत उतरत होता. म्हणजे बुशिंगच. रात्रभर ओली हवा पिऊन कापड फुगलं होतं आणि सळईला धरून बसलं होतं.

रेकॉर्डिस्टनं लगेच बॅगेतून गंजावर मारायचा स्प्रे काढला. या स्प्रेनं बिघडवलेले पियानो मी इतके पाहिले आहेत की डबा दिसला तरी हात आखडतो. तेल कापडात मुरतं, धूळ धरतं, आणि काही महिन्यांनी सळई आधीपेक्षा घट्ट. खरा उपाय म्हणजे पट्ट्यांपुढची लाकडी फळी आणि दोन्ही बाजूंचे ठोकळे काढून अॅक्शन म्हणजे पट्ट्या-हॅमरांची सगळी यंत्रणा बाहेर ओढायची (ओढताना एक जरी पट्टी दाबली गेली तरी तारेवर आपटणाऱ्या हॅमरची मान मोडू शकते), डॅम्परची सळई सोडवायची, बुशिंगला अल्कोहोल आणि पाण्याचा हलका हात द्यायचा, ते सुकून आवळू द्यायचं, सळई पुसून परत बसवायची आणि डॅम्पर तिन्ही तारांवर पुन्हा जुळवायचा. हे मायक्रोफोन लावलेल्या हॉलमध्ये, माणसं खोळंबलेली असताना करायचं काम नाही. मी म्हटलं, बाख दुपारी घ्या, हवा कोरडी झाली की कापड आपोआप सैल होईल. सकाळी मझुर्का घ्या.

आणि तसंच झालं. साडेबारापर्यंत आर्द्रता ४१ वर आली, जी सुटला. पण ज्या कोरडेपणानं डॅम्पर मोकळा केला, त्यानंच सूर खाली आणला. साउंडबोर्ड, म्हणजे तारांखालची लाकडी फळी, सुकला की त्याचा फुगवटा बसतो, तारांवरचा ताण उतरतो. त्यात पंखे-एसी बंद, हॉल तापलेला, तारा तापून लांबतात. मधला ए ४३८.५ वर आला होता, म्हणजे जवळपास सहा सेंट खाली (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग).

"सॉफ्टवेअरमध्ये उचलून घेतो," रेकॉर्डिस्ट म्हणाला. हे वाक्य मला वर्षातून कितीदा तरी ऐकावं लागतं. पियानो सगळा सारखा उतरत नाही. तांब्याच्या वेटोळ्याच्या खर्जाच्या तारा जेमतेम हलतात. त्या संपून साध्या पोलादी तारा सुरू होतात तिथे सगळ्यांत जास्त घसरण होते. वर जाल तशी पुन्हा कमी. सॉफ्टवेअर सगळ्यांना एकाच मापानं उचलतं, मग मधला भाग सुरात आणि खर्ज वर. मी उलटं केलं. पियानो अजून उतरत होता, अशा वेळी ४४० पर्यंत ओढलेल्या तारा तासभरही टिकत नाहीत. म्हणून जिथे तो आला होता तिथेच मधला भाग धरला, बाकीचा त्याला जुळवला, युनिसन, म्हणजे एकेका सुराच्या तारा एकमेकींशी, साफ केले. अट एकच घातली: सकाळचा टेक दुपारच्या टेकला जोडायचा नाही. प्रत्येक नाच पूर्ण एकाच वेळचा.

दुपारचा बाख स्वच्छ आला. हिनास्तेराला घामानं काळ्या पट्ट्यांवर बोटं सरकत होती, दर टेकआधी सुती फडक्यानं पट्ट्या पुसल्या. बार्टोकच्या पाचव्या तुकड्यात दोन आणि तीन मात्रांची अदलाबदल आहे. तिथे ती पेडल जवळजवळ घेतच नव्हती, आणि हे मला फार आवडलं.

गाडी अडली ती मझुर्कावर. जी मायनर, ओपस २४ म्हणजे शोपँच्या चोविसाव्या संचातली पहिली. सकाळच्या टेकमध्ये तो फुगलेला जी डाव्या हाताच्या साथीत पुढच्या मात्रेवर किंचित सांडतो. तिनं दुपारी तीच मझुर्का पुन्हा वाजवली, निर्दोष. रेकॉर्डिस्टला दोन्हींतलं चांगलं चांगलं जोडायचं होतं. सूर वेगळा म्हणून ते शक्य नव्हतंच, पण सूर एक असता तरी जमलं नसतं. मझुर्कात तीन मात्रा सारख्या लांबीच्या नसतात. पियानोवादक चार्ल्स हॅले यांनी खुद्द शोपँला सांगितलं होतं की तुम्ही मापात तीन नाही, चार मात्रा वाजवता. शोपँ मानेना, तेव्हा हॅलेंनी मोठ्यानं चार मोजून दाखवले आणि तो हसला. असल्या मात्रांचे दोन टेक कापून जोडले की लंगडा माणूस ऐकू येतो.

तिनं सकाळचा निवडला. "काका, इथे पाय उचलताना जमीन जरा धरून ठेवते, मला तेच हवंय," म्हणाली.

मला ते पटलं नाही, अजूनही नाही. तो बिघाड आहे. मी तिला म्हटलं, तोच परिणाम हवा असेल तर दुपारच्या पियानोवर बोट जरा जास्त धर. तिनं धरून बघितलं. फरक तिलाही ऐकू आला, मलाही. बोट धरलं तर तिन्ही तारा पूर्ण आवाजात वाजत राहतात आणि मग एकदम तुटतात. रेंगाळणारा डॅम्पर तारांना आधी नुसता शिवतो, मग बसतो. आवाज विझत जातो. चांगल्या पियानोवर हे सहसा पेडल अर्धवट सोडून जमतं, पण पेडल सगळे डॅम्पर उचलतं आणि तिला एकच हवा होता. म्हणजे तिला हवं होतं ते धड पियानोवर सहज करता येत नाही, हे तिचं म्हणणं बरोबर. आणि रेकॉर्डिंग ऐकणाऱ्या प्रत्येक ट्यूनरला तो जी ऐकू जाणार, हे माझंही बरोबर.

रेकॉर्डिंगमध्ये सकाळचाच टेक राहिला. बुशिंगचं काम मी त्याच संध्याकाळी केलं, कारण पावसाळा आला की तो जी पुन्हा अडकणार होता. डिसेंबरात ती त्याच हॉलमध्ये वाजवणार आहे. तो सूर तेव्हा तसा करून मिळेल का, असं विचारत होती. नाही म्हटलं. त्या पियानोवर यजमानांची नातही बाख शिकते, आणि तिच्या बूरेत जी वेळेवर थांबायला हवा.