ते आपल्याबद्दल नाही

रविवार, 22 सप्टेंबर 2024

"अगं, ते आपल्याबद्दल नाही बोलत. आपण रीतसर आलोय." मंडळाच्या गणपतीत, बाहेरून आलेल्या लोकांबद्दल ट्रम्प आणि व्हान्स जे बोलतायत त्याचा विषय निघाला, तेव्हा पानं वाढताना मनोजदादा हे म्हणाला, त्याला आठवडा होऊन गेला. अजून ते डोक्यातून जात नाहीये. तो वाईट हेतूने बोलला नाही, मला धीर द्यायलाच बोलला. एखाद्या परक्याने म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. मनोजदादाचं म्हणणं सोडून देता येत नाही.

ओहायोतलं स्प्रिंगफील्ड, जिथे हैतीहून आलेले हजारो लोक राहतात, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. 10 तारखेच्या अध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये साडेसहा कोटींहून जास्त लोक बघत असताना ट्रम्प म्हणाला की तिथे बाहेरून आलेली माणसं कुत्री खातात, मांजरं खातात. निवेदकाने तिथल्या तिथे सांगितलं, शहराच्या मॅनेजरने अशी एकही विश्वासार्ह तक्रार नसल्याचं कळवलंय. ट्रम्पने ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच म्हणाला. मग बॉम्बच्या धमक्या सुरू झाल्या. सिटी हॉल रिकामा केला, शाळा रिकाम्या केल्या. सोमवारपर्यंत निदान 33 धमक्या, सगळ्या खोट्या. आता तिथल्या शाळांवर राज्याचे पोलीस उभे आहेत. मांजर हरवल्याची तक्रार करणाऱ्या एका बाईला तिचं मांजर तिच्याच तळघरात सापडलं. तिने शेजारच्या हैतियन कुटुंबाची माफी मागितली म्हणे. एका साध्या बाईला जे जमलं ते या पुढाऱ्यांना का जमू नये?

ट्रम्पचं मी एकवेळ समजू शकते, त्याच्याकडून दुसरं काही येईल असं मला कधी वाटलंच नाही. जीव जळतो तो त्याच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारामुळे, व्हान्समुळे. तो आमचा सिनेटर आहे. मिडलटाउनमध्ये वाढलेला, इथलाच मुलगा. कुणाचा व्हिसा अडकला, पासपोर्ट अडकला तर सिनेटरच्या ऑफिसला फोन करायचा, ही इथली रीत. म्हणजे स्प्रिंगफील्डच्या माणसांनी ज्याच्या दारात जायचं, तोच त्यांच्यावर उठलाय. गेल्या रविवारी सीएनएनवर म्हणाला, लोकांच्या हालांकडे मीडियाचं लक्ष जावं म्हणून मला गोष्टी रचाव्या लागल्या तर मी रचेन. लगेच सारवासारव केली, पण आम्ही ऐकलं ते ऐकलं.

शहरावर ताण आहे, हे मला नाकारायचं नाही. साठ हजारांच्या आतल्या गावात चार-पाच वर्षांत बारा-पंधरा हजार माणसं आली तर भाडी वाढणार, दवाखान्यात रांगा लागणार. गेल्या वर्षी शाळेच्या बसला अपघात होऊन एक मुलगा गेला, बसवर आदळलेली गाडी हैतियन माणूस चालवत होता. त्या मुलाचं नाव यांनी प्रचारात वापरलं. शेवटी त्याच्या बापाला सभेत उभं राहून सांगावं लागलं, माझ्या पोराचं नाव तुमच्या राजकारणासाठी घेऊ नका. ते ऐकताना मला... जाऊ दे.

आणि 'रीतसर'चं काय? मनोजदादा शनिवारी बोलला, आणि बुधवारी रॅलीत व्हान्सला कुणीतरी नेमकं हेच विचारलं, की यातले बहुतेक लोक तर कायद्यानेच इथे आहेत. त्यांना टीपीएस आहे, म्हणजे मायदेशी परतणं धोक्याचं असलेल्यांना तात्पुरतं राहायची परवानगी, 1990 पासूनचा कायदा आहे, हैतीला तो 2010च्या भूकंपानंतर पहिल्यांदा लागू झाला. व्हान्स म्हणाला, मी त्यांना बेकायदेशीरच म्हणणार. म्हणजे कागद आहे हे त्याला माहीत आहे आणि तो कागद त्याला मानायचा नाही. मग मनोजदादाच्या आणि माझ्या कागदाला तो किती दिवस मानणार? ज्या फायलीत आपण सगळं जपून ठेवलंय, ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेल्या आय-140 अर्जापासून नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटपर्यंत, ती मी काल रात्री उगाचच काढून बघितली. इतकी वर्षं टॅक्स भरला, मुलं इथे जन्मली, पीटीएमध्ये राबले, आणि तरी आपण कुणाच्या तरी मर्जीवर राहतोय असं वाटायला लागलं. खूप रडू आलं.

आपल्याबद्दल नाही म्हणे! कमला जिंकली तर व्हाइट हाउसला करीचा वास येईल, असं ट्रम्पच्या समर्थक त्या लॉरा लूमरने लिहिलं आणि दोन दिवसांत ती ट्रम्पच्या विमानातून डिबेटला गेली. व्हान्सला टीव्हीवर विचारलं. आपल्याला ते आवडलं नाही इतपत म्हणाला, आणि वर, मी चिकन करी फार छान करतो. घरी बायको उषा आहे, सासूसासरे आंध्रचे आहेत. त्यांनी ते ऐकलं असेल. त्यांना काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

परवा ओहायोचे गव्हर्नर डिवाइन यांचा न्यूयॉर्क टाइम्समधला लेख वाचला. ते रिपब्लिकनच, जन्म स्प्रिंगफील्डचा. हैतीतल्या एका शाळेला त्यांच्या गेलेल्या मुलीचं नाव दिलंय. ही माणसं कष्ट करायला आलीत, कायद्याने आलीत, असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. वाचून बरं वाटलं. पण त्याच लेखात, मी ट्रम्प-व्हान्सचा समर्थक आहे, हेही आहे. ते वाक्य मी दोनदा वाचलं. सगळं कळतं, बोलूनही दाखवतात, आणि पाठिंबा तिथेच.

आज सकाळी शुभदाताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मनोजला भीती वाटते गं, म्हणून तो तसं म्हणतो. मला हे सुचलंच नव्हतं. तो स्वतःलाही धीर देत असेल तर मी त्याच्यावर किती दिवस चिडून राहू? तो मत कुणाला देणार ते मला माहीत आहे. दिवाळीचा हॉल आम्हा दोघांच्या नावावर बुक आहे, स्टेजची रांगोळी आणि साउंडवाला दोघांनीच बघायचाय. हे सगळं असंच राहणार. राहू दे.

पुढच्या शनिवारी शुभदाताई आणि मी स्प्रिंगफील्डला हैतियन जेवायला जाणार आहोत. तिथे आता पाठिंबा म्हणून लांबलांबून माणसं येतायत, खूप गर्दी असते म्हणतात. मनोजदादाला फोन करून विचारलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला, किती वाजता निघायचं? जाताना गाडीत अर्धा तास मिळेल. व्हान्सचं बुधवारचं बोलणं त्याला ऐकवणार आहे. त्यावर तो काय म्हणतो ते मला हवंय.