सुकाणूला पिचकारी : टिलर ऑटोपायलट बसवला तेव्हा

भागीदार पुण्याला शिफ्ट झाला आणि मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बांधणीवर असलेली आमची २४ फुटी बोट माझ्या एकट्याच्या गळ्यात पडली. एकट्याने शिडाची बोट हाकणं तसं जमतं, पण सुकाणूचा दांडा म्हणजे टिलर काही सोडता येत नाही, दोर अडकला, तहान लागली, लघवीला लागली, काहीही होवो, एक हात दांड्यावरच. पहिला सीझन मी स्कूटरच्या कॅरियरला लावतात तो हुकवाला रबरी दोर बांधून काढला. वारा समोरून असला की तो दोन मिनिटं तरी धरतो, मागून आला की संपलंच.

आधी मन विंडवेनवर गेलं होतं, म्हणजे बोटीच्या मागे लावायचं, वाऱ्याची दिशा धरून सुकाणू फिरवणारं पातं. वाऱ्यावर चालतो, बॅटरी लागत नाही, २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत अभिलाष टॉमींसकट सगळ्यांना ऑटोपायलट बंदच होता, विंडवेनवरच भागवायचं. पण ते महासागराचं काम. मी जाणार मांडव्याला, फार तर खांदेरीला, आणि वाटेत जहाजं, फेरीबोटी, जाळी चुकवत दर दहा मिनिटांनी दिशा बदलणार, त्यासाठी ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या फळीवर, ते धूड कोण लटकवणार!

मग टिलर ऑटोपायलट, म्हणजे आपल्याऐवजी टिलर धरणारं विजेचं यंत्र. रेमरीन कंपनीचा एसटी १००० हा ३००० किलोपर्यंतच्या बोटीसाठी, एसटी २००० हा ४५०० पर्यंत. माझी बोट कागदावर १८०० किलो, पण ते रिकाम्या बोटीचं वजन हो, त्यात इंजिन, नांगर-साखळी, बॅटरी, पाणी, चार माणसं आणि त्यांचे डबे धरले की आकडा कुठल्या कुठे जातो. तरी १००० मध्ये बसत होतं, पण मोठा घेतला, कारण त्यात बॉल स्क्रू, म्हणजे गोळ्यांवर फिरणारा स्क्रू आहे, यंत्राचा दांडा भराभर सरकतो, आणि मागून लाट आली की हाच वेग उपयोगी पडतो.

बोट बघणारे काका माझगावचे कोळी. खोक्यातून यंत्र काढलं तर म्हणाले, "भाऊ, ही पिचकारी सुकानू धरनार?" दिसते खरी पिचकारीच. एक जाड नळी, त्यात मोटर आणि होकायंत्र, पुढे आत-बाहेर होणारा दांडा. बोट ठरलेल्या दिशेवरून हलली की दांडा टिलरला ढकलतो नाहीतर ओढतो, एवढंच काम.

बसवायचं माप दोनच आकड्यांचं. यंत्राचा दांडा जिला अडकतो ती टिलरवरची पिन सुकाणूच्या फिरण्याच्या मध्यापासून ४६० मिलिमीटरवर, आणि यंत्राचा मागचा खुंटा ज्या भोकात बसतो ते सॉकेट टिलरच्या मध्यरेषेपासून ५८९ मिलिमीटरवर, उजवीकडे, म्हणजे टिलर मधोमध असताना यंत्र त्याला बरोबर काटकोनात. शिवाय यंत्र आडवं, पाणसळीत. मी टेप घेतला, टिलर जिथे सुकाणूच्या डोक्यातून बाहेर येतो तिथून ४६० मोजलं आणि घातलं सहाचं ड्रिल. चूक! सुकाणू ट्रान्समला बिजागरीवर लटकलेलं आहे, फिरतं त्या बिजागरीच्या पिनेवर, तिथून मोजायला हवं होतं. म्हणजे माझी पिन ६ सेंटीमीटर पुढे गेली. पिन पुढे गेली की तेवढ्याच ढकलण्यात सुकाणू कमी वळतं, बोट उशिरा ऐकते. ते लक्षात आलं सॉकेटचं भोक पाडून झाल्यावर, कारण ते या चुकीच्या पिनेसमोर काटकोनात पाडलं होतं. तुम्ही करणार असाल तर आधी प्लायवूडची पट्टी यंत्राच्या लांबीची कापा, क्लॅम्पने लावून टिलर दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, मग ड्रिलला हात लावा.

दुसरी भानगड उंचीची. टिलर सीटपेक्षा चांगला वीतभर वर, त्यामुळे सॉकेट थेट सीटवर बसवलं तर यंत्र तिरकं. दारूखान्यातल्या एका टर्नरकडून सॉकेट उंच धरायला स्टेनलेसचा खांब करून घेतला, ३१६ जातीच्या स्टीलचाच हवा म्हणून दोनदा बजावलं, ३०४ ला खाऱ्या हवेत तांबेरा येतो. सीटच्या फायबरच्या आत बाल्साचं लाकूड आहे, त्याला पाणी लागलं की कुजतं, म्हणून भोकं मुद्दाम मोठी पाडली, इपॉक्सीने भरली, वाळल्यावर त्याच्या मधोमध पुन्हा ड्रिल केलं आणि खालून प्लायचा तुकडा देऊन बोल्ट आवळले. दोन रविवार यातच गेले.

वायरचं काम मला सोपं वाटलं होतं. लोहार चाळीतून दीड चौरस मिलिमीटरची वायर आणली, फ्यूज लावला, धक्क्यावर छान चाललं. पाण्यात मात्र जोर लागला की यंत्र बंद पडून पुन्हा चालू व्हायचं, आणि चालू झालं की नुसतं स्टँडबायवर, म्हणजे टिलर न हलवता थांबलेलं. बॅटरी पुढे केबिनमध्ये, यंत्र पार मागे, बारीक वायरीत व्होल्टेज पडत होतं. चारची ओढली, बंद पडणं थांबलं.

फेब्रुवारीत दुपारच्या वायव्येच्या वाऱ्यावर मांडव्याला निघालो. वारा मागून, लाट मागून, आणि हेच त्याचं कच्चं अंग, बोटीचं ढुंगण वळल्यावरच त्याला कळतं. शिवाय ते दिशा धरतं, वारा नाही, म्हणून वारा थोडा फिरला की बूम, म्हणजे मोठ्या शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावरून जायची भीती, म्हणून बूम मी दोराने बांधूनच ठेवतो. मोठं शीड एक रीफ कमी केल्यावर, म्हणजे खालून थोडं गुंडाळून लहान केल्यावर, ते शहाण्यासारखं वागायला लागलं. परत येताना वारा समोरून, तेव्हा तर माझ्यापेक्षा सरळ चालवलं. पण जहाज, फेरी, डोलीचे म्हणजे मासेमारीच्या जाळ्यांचे खुंट यातलं काही त्याला दिसत नाही. आणि मी पाण्यात पडलो तर ते न थांबता सरळ निघून जाईल, म्हणून ते चालू असताना माझा सुरक्षा पट्टा बोटीला अडकवलेलाच.

एक गंमत राहिलीच. एक दिवस बोट सारखी पंधरा-वीस अंश दुसरीकडे जायला लागली. सगळं तपासलं, मग काकांनीच सीटखालचा खण उघडला, आत माझा ब्लूटूथ स्पीकर, त्याचं लोहचुंबक यंत्राच्या बरोबर खाली. बोटीच्या होकायंत्रापासूनही ८० सेंटीमीटर लांब ठेवा असं पुस्तकात लिहिलेलं वाचलं होतं, स्पीकर डोक्यातच आला नाही. आता तो पार पुढे केबिनच्या टोकाला असतो, गाणी काकांना ऐकू येतात, मला नाही. चुकीची दोन भोकं अजून एमसीलने बुजवलेली आहेत, पावसाळ्यात बोट वर काढली की बघू.