डीजेचा बेस, पश्चिमेचा वारा आणि आमची तक्रार

कर्वेनगरला आमच्या घरी वारज्याकडच्या एका लॉनवरचा डीजे ऐकू यायचा, म्हणजे गाणं नाही, नुसता बेस, आणि फडताळातल्या स्टीलच्या डब्यांची झाकणं त्या तालावर थरथरायची. लॉन चांगलं दीड किलोमीटर लांब. तक्रार केली तर आवाज मोजणारे मीटरवाले आले ते नेमके बेस येत नव्हता त्या संध्याकाळी, रीडिंग मर्यादेत निघालं आणि फाईल बंद.

मग मी गच्चीच्या कठड्याला जुन्या ओढणीची पट्टी बांधली आणि कार्यक्रम असेल त्या दिवशी वारा कुठून येतोय, डबे वाजतायत का, किती वाजता, सगळं वहीत लिहायला लागले. वारा पश्चिमेचा असला की डबे वाजणार, पूर्वेचा असला की बहुतेक वेळा शांतता. उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी पश्चिमेचा वारा सुटतोच, त्यामुळे एप्रिल-मे आमच्यासाठी सगळ्यात वाईट.

कारण वाचून काढलं. जमिनीलगत झाडं-इमारतींमुळे वारा मंद असतो, वर जोरात, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या आवाजाच्या लाटेचा वरचा भाग पुढे पळतो आणि लाट खाली वाकते, थेट आपल्या खिडकीत. उलट दिशेला ती वर वळते आणि खाली आवाजाची सावली पडते, तरी त्या सावलीतसुद्धा बेस थोडा झिरपतोच. शिवाय उंच पट्टीचा आवाज हवा लवकर शोषते, बेस फार कमी शोषते, म्हणून गाणं वाटेत विरतं आणि ठोका तेवढा पोचतो. थंडीत निरभ्र रात्री जमिनीजवळची हवा वरच्यापेक्षा गार असते, तेव्हा वारा नसतानाही आवाज असाच खाली वाकतो.

दुसरा मुद्दा मीटरचा. रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा ए-वेटिंगवर, म्हणजे कानाला जसं ऐकू येतं त्या हिशेबाने मोजायच्या पद्धतीवर आहे, आणि त्यात 63 हर्ट्झचा, म्हणजे बेसचा, आवाज सुमारे 26 डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे डबे थरथरतायत तरी आकडा साधाच. दुसऱ्या अर्जात मी वहीची पानं जोडली आणि स्पष्ट लिहिलं की पश्चिमेचा वारा असताना या, सी-वेटिंगचंही (ज्यात बेस फारसा कमी धरला जात नाही) रीडिंग घ्या, माईकवर फोमचा बोंडा हवाच नाहीतर वाराच मोजला जाईल. या वेळी आलेल्या साहेबांनी पानं नीट वाचली, "ताई, असं लिहून दिलं की आम्हालाही धरायला काहीतरी असतं" म्हणाले, आणि दोन्ही रीडिंग घेतली. फरक इतका मोठा निघाला की पुढे बोलायची गरजच पडली नाही.

लॉनवाले आधी स्पीकर फिरवतो म्हणत होते. 60 हर्ट्झची लाट साडेपाच मीटरहून लांब असते, ती सगळीकडे पसरते, स्पीकर फिरवून फार काही होत नाही. शेवटी त्यांनी सबवूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर, कमी केले. आता पश्चिमेचा वारा असला तरी डबे गप्प असतात, फक्त मोठी वरात असली की थोडं जाणवतं, ते मी अजून वहीत लिहितेय.