डावीकडची जीभ

"ताई, हे बघा. उजवीकडची जीभ तुटलीय. डावीकडची अजून कोरी आहे."

मिस्त्रींनी गाडीचा जुना कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे स्टिअरिंगमागचा इंडिकेटरच्या दांडीचा स्विच, माझ्या तळहातावर ठेवला. उजवीकडे वळून स्टिअरिंग सरळ केलं तरी इंडिकेटर चालूच राहायचा, म्हणून गाडी नेली होती. जुनी गाडी, एअरबॅग नाही. त्यांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग हॉर्नचं पॅड, मधला नट. स्टिअरिंग उपसण्याआधी शाफ्टवर आणि चाकावर मिळून खडूची एक रेघ ओढली, परत बसवताना वाकडं बसू नये म्हणून. ती रेघ मला फार आवडली.

दांडी आपोआप मागे कशी येते, हे आज पहिल्यांदा पाहिलं. स्टिअरिंग सरळ होताना त्याच्याबरोबर फिरणारा उंचवटा त्या प्लास्टिकच्या जिभेला ढकलतो आणि टक्कन दांडी मध्ये येते. जीभ केवढी, तर करंगळीच्या नखाएवढी.

डावीवर साधा ओरखडाही नव्हता. म्हणजे इतकी वर्षं डावीकडे वळताना मी साईड दाखवतच नव्हते. "डावीकडेच तर जायचंय, कोणाला आडवं थोडंच जातोय!" पण सायकलवाली मुलं त्याच बाजूने येतात, अगदी कडेकडेने, आरशात न दिसणारी.

घरी येताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी डावा इंडिकेटर दिला. मागून येणाऱ्या शाळकरी पोराने ब्रेक दाबला, एक पाय जमिनीला टेकवला आणि मला वळू दिलं.

रोज तिथे तो काय करत असेल?