आमची वाटचाल: मूळ तारीख खोडायची नाही

वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवरची गुंतवणूक एका जागी मांडून ग्राहकाला तिचा खरा परतावा दाखवणं, हे आमच्या कंपनीचं काम. सात वर्षांपूर्वी आमच्याकडे कंपनी नव्हती, एक एक्सेल शीट होती. मी आणि माझा भागीदार, दोघांनी रिअल इस्टेट क्राउडफंडिंगच्या, म्हणजे अनेकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करून इमारतींच्या प्रकल्पांत लावणाऱ्या, चार प्लॅटफॉर्मवर थोडे थोडे पैसे घातले होते. चार लॉग-इन, चार डॅशबोर्ड, आणि प्रत्येकावर ठळक हिरव्या अक्षरांत परताव्याचा एक आकडा. एका रविवारी आम्ही ते चारही आकडे एका ओळीत लिहून सरासरी काढली, मग बँकेचं स्टेटमेंट उघडून खरोखर किती पैसे परत आले ते मोजलं. मेळ बसेना. कोणी खोटं बोलत होतं असं नाही. प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत होता.

एकाचा आकडा म्हणजे वर्षाचं व्याज. दुसऱ्याचा, पूर्ण मुदतीचा एकूण परतावा. तिसरा सांगायचा, पैसे दीडपट होतील. चौथा आयआरआर (पैसे कधी गेले आणि कधी आले ते धरून काढलेला वार्षिक दर) द्यायचा, पण पैसे प्रकल्पात लागल्या दिवसापासूनचा. आमच्या खात्यातून ते त्याच्या आधीच गेलेले असायचे. दीडपट तीन वर्षांत झाले तर वर्षाला साधारण १४.५ टक्के पडतात, पाच वर्षांत झाले तर ८.४ टक्के. बारा टक्क्यांनी एक वर्षासाठी दिलेल्या कर्जात प्रकल्प भरेपर्यंत पैसे दीड महिना नुसते पडून राहिले आणि शेवटी खात्यात यायला पंधरा दिवस लागले, तर हातात पडणारा दर १०.२ टक्क्यांवर येतो. हा फरक कुठल्याच डॅशबोर्डवर दिसत नव्हता.

तेव्हापासून आमचा हिशेब एकाच पायावर उभा आहे: बँकेतून पैसे गेले ती तारीख आणि बँकेत आले ती तारीख. त्यावर एक्सआयआरआर, म्हणजे प्रत्यक्ष तारखांवरून वार्षिक दर काढणारं सूत्र. एक्सेलमध्ये हे सूत्र कोणालाही वापरता येतं, त्यासाठी आमची गरज नाही, हे आम्ही ग्राहकांनाही पहिल्याच भेटीत सांगतो.

मित्रांनी शीट मागितली, मित्रांच्या मित्रांनी मागितली, आणि दीड वर्षात आम्ही नोकऱ्या सोडल्या. सुरुवातीला आम्ही प्लॅटफॉर्मची क्रमवारी लावायचो, आणि आमच्याकडून कोणी तिथे गेलं की प्लॅटफॉर्म आम्हाला कमिशन द्यायचा. आठ महिन्यांत आम्ही दोन्ही बंद केलं. जो प्लॅटफॉर्म जास्त कमिशन देतो त्याचे गुण मोजताना हात सैल पडतो, हे आम्हाला स्वतःच्या वागण्यात दिसायला लागलं होतं. उत्पन्न निम्म्याहून खाली आलं. पुढचं वर्ष ओढाताणीचं गेलं, पण आज आमचे पैसे फक्त वर्गणीतून येतात आणि तो निर्णय बरोबर होता यात मला शंका नाही.

आमची सगळ्यात मोठी चूक एका निवृत्त प्राध्यापिका बाईंनी पकडली. त्यांनी फोन करून सांगितलं, "अहो, तुमच्या पडद्यावर माझे शंभर अजून शंभरच दिसतायत. माझ्या वहीत सत्त्याण्णव आहेत." त्यांनी वहीचं पान फोटो काढून पाठवलं. निळ्या शाईत व्याज, लाल शाईत मुद्दल, प्रत्येक हप्त्याचे दोन भाग. त्या वर्षी त्यांना शंभरावर आठ मिळाले होते; त्यातले पाच कमाई आणि तीन त्यांचंच मुद्दल परत आलेलं. आमच्या शीटमध्ये "मिळालेली रक्कम" असा एकच रकाना होता. आम्ही आठही कमाईत धरले आणि शिल्लक गुंतवणूक शंभरच ठेवली, म्हणजे तीन दोनदा मोजले. त्या रात्री आम्ही सगळ्या ग्राहकांच्या नोंदी उघडल्या. नऊ दिवस लागले. प्रत्येकाला चूक कुठे होती आणि आकडा किती बदलला ते पत्राने कळवलं. तेव्हापासून हप्ता नोंदवताना व्याज, भाडं, मुद्दल आणि विक्रीतला नफा असे भाग केल्याशिवाय नोंद पुढे जातच नाही.

दुसरा धडा तारखेचा. कर्जाची मुदत संपत आली आणि बिल्डरकडे पैसे नसले की मुदतवाढ दिली जाते. त्यात गैर काही नाही. बांधकामात उशीर होतोच. पण कित्येक डॅशबोर्डवर नवी तारीख जुन्या तारखेच्या जागी बसते आणि प्रकल्प पुन्हा "वेळेवर" दिसायला लागतो. दोन वर्षांत एकूण २४ टक्के देणारा प्रकल्प वर्षाला ११.४ टक्के देतो. तेच २४ टक्के तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आले तर ७.४ टक्के. पडद्यावर मात्र "एकूण परतावा २४ टक्के" तसाच. म्हणून आमच्याकडे नियम आहे की मूळ तारीख कोणीही खोडायची नाही, मीसुद्धा नाही. नवी तारीख तिच्याखाली येते, मग तिच्याखाली पुढची. एका ग्राहकाच्या एका प्रकल्पाखाली आज पाच तारखा आहेत. ती शिडी एकदा पाहिली की बाकी फारसं विचारावं लागत नाही.

प्लॅटफॉर्मचे शब्दही एकसारखे नसतात. "विस्तारित", "पुनर्रचित", "निरीक्षणाखाली" अशा पाट्यांनी आम्ही बरेच दिवस हैराण होतो. शेवटी आमच्या पाच पायऱ्या ठरवल्या: ठरल्याप्रमाणे, उशिरा, मुदतवाढ, वसुलीत, बुडीत. प्रत्येक पाटी त्यातल्या एकीत बसवायची, आणि संशय असेल तर वाईट बाजूला.

"सुरक्षित" या शब्दाचंही तसंच. मालमत्तेवर पहिला बोजा (विक्रीच्या पैशांवर आधी हक्क) आणि दुसरा बोजा (त्याच्यानंतरचा हक्क), दोन्ही जाहिरातीत सुरक्षितच असतात. समजा इमारतीचं मूल्य १००, बँकेचं पहिल्या बोजाचं कर्ज ६०, आणि प्लॅटफॉर्मवरून गोळा केलेलं दुसऱ्या बोजाचं २०. घाईत विकावी लागली, ७५ आले, ५ खर्चात गेले. उरले ७०. बँक आपले ६० घेते, आणि आपल्या २० पैकी १० हाती येतात. म्हणून बोजाचा क्रम आम्ही व्याजदराच्या शेजारच्याच रकान्यात दाखवतो. मूल्य आजचं की इमारत पूर्ण झाल्यावरचं, हेही तिथेच.

पण सगळे प्लॅटफॉर्म एका जागी आणण्याचा खरा उपयोग आम्हाला फार उशिरा कळला, आणि तो परताव्याच्या तुलनेत नव्हताच. एका ग्राहकाचे तीन प्लॅटफॉर्मवर मिळून नऊ प्रकल्प होते. नऊ वेगळी नावं, नऊ वेगळ्या कंपन्या, कारण प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी काढण्याची पद्धत आहे. आमच्याकडची मुलगी कागदपत्रं लावत असताना तिला एकच सही दोनदा दिसली. संचालकांची नावं एकाखाली एक लिहून काढल्यावर नऊपैकी चार प्रकल्प एकाच विकासकाचे निघाले. एका ठिकाणी नाव पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षरं, तिसरीकडे आडनाव आधी. ग्राहकाला वाटत होतं पैसे विखुरलेत. प्लॅटफॉर्मला हे दिसणं शक्यच नाही, कारण त्याला फक्त आपल्या घरातलं दिसतं. हे काम आम्ही आजही हातानेच करतो. संगणक जोड्या सुचवतो, शिक्कामोर्तब माणूस करतो.

मध्यंतरी ग्राहकांचे पैसे असलेला एक प्लॅटफॉर्म बंद पडला. प्रकल्प चालूच होते, कर्जंही होती, पण लॉग-इन गेलं आणि त्याबरोबर करारही. ज्यांनी कागद उतरवून घेतले होते त्यांना आपला हक्क सांगता आला. बाकीच्यांना महिनोन् महिने पत्रव्यवहार करावा लागला. तेव्हापासून करार, माहितीपत्रक आणि प्रत्येक अहवाल ग्राहकाच्या स्वतःच्या संगणकात उतरवून घेतल्याशिवाय आम्ही नोंद पूर्ण धरत नाही. पासवर्ड मात्र आम्ही कोणाचाही मागत नाही. प्लॅटफॉर्म फाइल देत असेल तर ती, नसेल तर पीडीएफ, तीही नसेल तर ई-मेल. वेळ जास्त लागतो, लागू दे.

कायद्याने थोडी मदत झाली आहे. युरोपीय संघाचा क्राउडफंडिंगचा नियम १० नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहे: प्रकल्पाचं माहितीपत्रक फार तर सहा ए-४ पानांचं, नवख्या गुंतवणूकदाराला विचार बदलायला चार दिवस, आणि कर्जाचे व्यवहार घडवणाऱ्या प्लॅटफॉर्मला किमान मागच्या ३६ महिन्यांचा थकबाकीचा दर दरवर्षी जाहीर करणं बंधनकारक. अमेरिकेत लहान कंपन्यांना भांडवल उभारणं सोपं करणाऱ्या २०१२ च्या जॉब्स कायद्याने वाट मोकळी केली, पण त्याखाली नियमांचे वेगवेगळे रस्ते आहेत, आणि कोणत्या रस्त्याने पैसे उभारले त्यावर किती माहिती मिळणार ते ठरतं. भारतात शेअर बाजाराची नियामक सेबीने मार्च २०२४ मध्ये छोट्या आणि मध्यम रीटची (मालमत्तेतला वाटा युनिटच्या रूपात गुंतवणूकदारांना देणाऱ्या ट्रस्टची) चौकट आणली, ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तांसाठी. तिथे किमान गुंतवणूक १० लाख आणि युनिटची शेअर बाजारात नोंदणी.

त्यातून आमच्यापुढे नवा पेच आला. नोंदणी झालेल्या युनिटला बाजारभाव असतो. नोंद नसलेल्या प्रकल्पाचं मूल्य प्लॅटफॉर्मने नेमलेल्या मूल्यांककाच्या अहवालातून येतं, आणि तो अहवाल कधी दोन महिन्यांचा असतो, कधी दोन वर्षांचा. हे दोन्ही एका बेरजेत घालून "तुमची एकूण संपत्ती" म्हणून दाखवायला माझं मन घेत नाही. सध्या आम्ही तिघं त्यावरच काम करतोय. प्रत्येक मूल्याशेजारी ते कोणी ठरवलं आणि कोणत्या तारखेला, हे येईल; १२ महिन्यांहून जुनं मूल्य फिक्या रंगात, आणि बेरजेत न धरता खाली वेगळं. पहिली चाचणी प्राध्यापिका बाईंच्या नोंदींवर चालू आहे. त्यांनी वहीत हिरव्या शाईचा रकाना आधीच आखलाय.